परागगोळीचा रंग फसवतो

इंदूरजवळच्या शेतात जानेवारीत मधमाश्यांच्या पेटीसमोर उभं राहिलं, की परतणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांवर पिवळ्या गोळ्या दिसतात. बघणारा लगेच म्हणतो, सरसों, म्हणजे मोहरी. असेलही. पण पिवळा पराग देणारी झाडं कितीतरी आहेत. शिवाय माशी परागात मध मिसळून गोळी वळते, त्यामुळे गोळी मूळ परागापेक्षा गडद दिसते. रंगावरून गोळ्या निवडता येतात, झाड ठरवता येत नाही.

एका फेरीत माशी बहुधा एकाच जातीच्या फुलांवर फिरते, म्हणून एका गोळीत मुख्यतः एकाच झाडाचा पराग असतो. ओळख शक्य होते ती यामुळे. इटालियन माशीच्या पेटीच्या दाराशी सुमारे ५ मिमी भोकांची जाळी लावली, की आत घुसताना गोळ्या खाली ट्रेमध्ये पडतात. दोन-तीन तासांत जाळी काढावी, नाहीतर पिलांचा खुराक तुटतो. मात्र रोज एकच वेळ धरू नये. मक्याचा पराग सकाळीच गोळा होतो. दुपारी जाळी लावणाऱ्याला तो दिसणारच नाही. ताज्या गोळ्यांत ओल बरीच असते आणि बुरशी लवकर धरते, म्हणून त्या लगेच फ्रीझरमध्ये ठेवाव्यात.

साधारण २ ग्रॅम गोळ्या पांढऱ्या बशीत, दिवसाच्या उजेडात रंगाप्रमाणे वेगळ्या कराव्यात आणि प्रत्येक ढिगाचं वजन करावं. हे वजन टाळून सूक्ष्मदर्शकाखाली नुसते परागकण मोजणं ही नेहमीची चूक. भोपळ्याचा कण १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर, तर मोहरीचा २५च्या आसपास. व्यास चौपट म्हणजे आकारमान ६४ पट. संख्येत नगण्य वाटणारा भोपळा वजनात भारी असू शकतो.

मग प्रत्येक ढिगातल्या परागाची स्लाइड करून ती सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. स्लाइडसाठी जेली घरीही जमते: जिलेटिन १० ग्रॅम, पाणी ३५ मिली, ग्लिसरीन ३० मिली, फिनॉल १ ग्रॅम आणि फिकट गुलाबी छटा येईल एवढाच फुक्सिन हा रंग. फिनॉल कातडी भाजतं, हातमोजे हवेतच. गोळीचा बारीक तुकडा थेंबभर पाण्यात कालवून स्लाइडवर पसरावा, वाळू द्यावा, वर जेलीचा तांदळाएवढा तुकडा ठेवून हलकी ऊब द्यावी आणि कव्हरस्लिप (झाकायची पातळ काच) टाकावी. जेली उकळली तर बुडबुडे येतात. रंग जास्त झाला तर कणावरची छिद्रं आणि खाचा झाकल्या जातात, आणि ओळख तर त्यांच्यावरच असते. जेली फार झाली तर बारीक कण वाहत कडेला जातात. म्हणून फक्त मधला भाग न मोजता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पट्टे मोजावेत.

४०० पट मोठं करून पाहिलं, की मोहरीच्या कणावर तीन खाचा आणि जाळीदार नक्षी दिसते. सूर्यफुलाला लांब काटे, गाजरगवताला आखूड. धन्याचा कण लांबोडका. मका गोल, गुळगुळीत, एकाच छिद्राचा. बाभळीचे कण सुटे नसतातच, त्यांचा चेंडूसारखा झुबका असतो. निलगिरी त्रिकोणी. पण धने की बडीशेप, मोहरी की मुळा, हे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली खात्रीनं सांगता येत नाही. तिथे ‘धने-बडीशेप कुळ’ एवढंच लिहावं. उगाच नेमकेपणा दाखवू नये.

ताडून बघायला पुस्तकातल्या चित्रांपेक्षा पेटीभोवतीच्या दोन-तीन किलोमीटरमधल्या फुलांच्या स्वतः केलेल्या स्लाइड जास्त उपयोगी. त्या त्याच जेलीत, त्याच पद्धतीनं करायच्या, कारण ग्लिसरीन जेलीत कण फुगतात. वेगवेगळ्या रीतीनं केलेल्या दोन स्लाइडवरची मापं जुळत नाहीत. पूर्ण उमललेलं फूल नको, पराग झडून गेलेला असतो आणि माश्यांनी दुसऱ्या फुलांचा आणून टाकलेला असतो. उमलायच्या बेतातली कळी घ्यावी. लेबलवर तारीख, जागा आणि शास्त्रीय नाव हवंच, विशेषतः माळव्यात. इथे कुणी ‘कुसुम’ म्हणालं, तर ती शेतातली करडई असेल किंवा कोसंबाचं झाडही.