मोटारीचे स्वस्त सुटे भाग (मुंबई)

मोटारीचा झिजलेला भाग बदलताना वाहन कंपनीच्या खोक्यातल्या मालाऐवजी बसवला जाणारा कमी किमतीचा भाग. मुंबईत तो मुख्यतः ऑपेरा हाउस परिसरातील दुकानांत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतो. जुना माल चोरबाजारातही.

दुकानदार ‘कंपनीचा देऊ की लोकल?’ असे विचारतो. मात्र लोकलमध्ये निदान चार तऱ्हा मोडतात. वाहन कंपनीला माल पुरवणारा कारखाना तोच भाग स्वतःच्या नावाने विकतो. तो स्वस्त असूनही सहसा खात्रीचा. भलत्याच उत्पादकाने बनवलेला भाग उत्तमही निघतो, टाकाऊही. नामवंत कंपनीचे खोके आणि होलोग्राम लावलेला नकली माल ही सरळ फसवणूक. चौथा, भंगारात काढलेल्या गाडीचा जुना भाग. प्रीमियर पद्मिनी या मोटारीचे उत्पादन थांबल्यावरही तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होत्या; असल्या गाड्यांना जुन्या मालाचा आधार असतोच. दरवाजा, आरसा, डिकीचे झाकण असे भाग नव्या लोकलपेक्षा जुने ओरिजिनल घेतलेले बरे, कारण ते निदान नीट बसतात.

जोखीम कोणता भाग आहे यावर ठरते. ब्रेक पॅडमध्ये पोलादी पट्टीवर राळ, तंतू आणि धातूची भुकटी दाबून घर्षणाचा थर चिकटवलेला असतो. हलक्या मालात हा थर भुसभुशीत असतो, तर कधी इतका कडक की चाकासोबत फिरणारी डिस्कच खरवडून काढतो. चिकटवण कच्ची असेल तर कडेने गंज शिरतो आणि थर सुटू लागतो. दादर-परळच्या रहदारीत याचा पत्ता लागत नाही. खंडाळ्याचा घाट उतरताना पॅड तापले की ब्रेकची पकड ढिली पडते. ड्रम ब्रेकच्या स्वस्त लायनरमध्ये (घर्षणाच्या पट्टीत) ॲस्बेस्टॉस हा फुप्फुसांना घातक तंतू असू शकतो, भारतात त्यावर सरसकट बंदी नाही. ड्रम उघडून हवेच्या नळीने धूळ उडवणाऱ्या मेकॅनिकच्या फुप्फुसांत ती जाते, याचा विचार गिऱ्हाईक क्वचितच करते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरला तरी चालतो. त्याहून खाली गेलेले ऑइल उकळून त्याची वाफ झाली की पेडल थेट तळाला जाते. म्हणून मुंबईच्या दमट हवेत अर्धवट वापरलेली, सील फुटलेली बाटली फुकट मिळाली तरी घेऊ नये.

पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी लोअर आर्मचे (चाक सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश म्हणजे रबरी गुटके आणि चाकाकडचा गोळ्याचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, लवकर जातात. बुश हलक्या रबराचे असतील तर खडखड लवकरच पुन्हा सुरू होते, एवढाच ताप. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवे पडते. वायपर, मॅट, हबकॅप (चाकावरचे झाकण) यांत मात्र स्वस्ताने फारसे बिघडत नाही.

नकली मालाच्या विक्रीला व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ अन्वये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. तरीही हा धंदा फोफावतो, आणि त्याचा थोडा दोष वाहन कंपन्यांकडेही जातो. मूळ भाग खुल्या बाजारात मिळू न देता ते अधिकृत वितरकांपुरतेच राखल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. माल मिळाला नाही की छोटा गॅरेजवाला मिळेल ते बसवतो.

खरेदीत कर वाचवण्यासाठी कच्चे बिल घेण्याची रीत आहे. भाग निकामी निघाला तर ग्राहक आयोगापुढे ठेवायला मग काहीच हाती उरत नाही. जाणकार गिऱ्हाईक पक्के बिल घेते, भाग आपल्यासमोर खोक्यातून काढायला लावते आणि उतरवलेला जुना भाग परत मागते. कारण तो गॅरेजात राहिला तर घासूनपुसून दुसऱ्याच्या गाडीत जाऊ शकतो.