नंबर नसलेली बंदूक : अमेरिकी कायद्यातली १९६८ची फट

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली. जवळच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर जी इटालियन रायफल सापडली, तिच्यावर सी२७६६ हा क्रमांक होता. तेवढ्यावरून एफबीआयने दुसरा दिवस उजाडायच्या आत शिकागोतलं टपालाने बंदुका विकणारं दुकान गाठलं आणि तिथल्या दप्तरातून ती कोणत्या खोट्या नावाने मागवली होती हेही निघालं. नंबर असला की तपासाला धागा मिळतो, तो असा.

मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर १९६८ मध्ये ‘गन कंट्रोल ॲक्ट’ आला. परवानाधारक उत्पादक आणि आयातदार यांनी प्रत्येक बंदुकीच्या फ्रेमवर किंवा रिसीव्हरवर (म्हणजे बाकीचे भाग ज्यात बसतात त्या मुख्य सांगाड्यावर) क्रमांक घातलाच पाहिजे, असं बंधन आलं. पुढे नियमांनी बारकावेही ठरवले: कोरीव खूण किमान ०.००३ इंच खोल, अक्षरं किमान १/१६ इंच उंच, म्हणजे कानशीने सहज घासून जाऊ नयेत. मात्र हे बंधन परवानाधारकावर होतं, बंदुकीवर नव्हतं. स्वतःच्या वापरासाठी घरी बंदूक बनवणाऱ्याला, मशिनगनसारखे खास नियंत्रणाखालचे प्रकार सोडले तर, ना परवाना लागे ना क्रमांक.

भारतीय वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं हाच गुन्हा. गावठी कट्ट्यावर नंबर आहे का, हा प्रश्नच येत नाही.

अमेरिकेत तेव्हा घरी बंदूक बनवणारे थोडे होते आणि त्याला हातात कसब लागे, म्हणून ही सूट कुणाला खुपली नाही. नंतर ‘ऐंशी टक्के’ तयार रिसीव्हर आणि सुटे भाग एकाच खोक्यात मिळू लागले. असा अर्धवट भाग कायद्याच्या लेखी बंदूक नसल्यामुळे त्यावर क्रमांकही नसे आणि विकताना ग्राहकाची पार्श्वभूमी तपासणीही होत नसे. माझ्या मते खरी चूक इथे झाली: कसब लागेनासं झालं, तरी कसबी माणसासाठीची सूट तशीच राहिली. माग काढण्यासाठी पोलिसांनी केंद्र सरकारकडे पाठवलेल्या अशा बंदुका २०१७ मध्ये सुमारे १,६०० होत्या, २०२१ मध्ये १९,००० हून जास्त.

कॅलिफोर्निया आधी जागी झाली. २०१३ मध्ये सांता मोनिकात झालेल्या गोळीबारात घरी जुळवलेली रायफल वापरली गेली होती. २०१६ मध्ये तिथे कायदा झाला आणि १ जुलै २०१८ पासून बंदूक बनवण्याआधीच राज्याच्या न्याय विभागाकडून क्रमांक घेणं सक्तीचं झालं. बंदूक प्लास्टिकची असेल तर तिच्यात ३.७ औंस, म्हणजे शंभरेक ग्रॅम स्टेनलेस स्टील बसवायचं, अशीही अट त्यात आहे.

केंद्रीय नियम ऑगस्ट २०२२ मध्ये लागू झाला. सहज बंदूक होऊ शकणारे संच बंदुकीच्या व्याख्येत आले. बिनक्रमांकाची घरगुती बंदूक परवानाधारक दुकानदाराने आपल्या साठ्यात घेतली, तर तिच्यावर क्रमांक घालणं त्याच्यावर बंधनकारक झालं. टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायालयाने नियम रद्द केला. पण २६ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी तो उचलून धरला. निकाल न्या. गॉर्सच यांनी लिहिला. तरीही स्वतः बनवून स्वतःजवळच ठेवलेल्या साध्या बंदुकीवर नंबर घाला, असं या केंद्रीय नियमानेही सांगितलेलं नाही. ते काम राज्यांवर सोडलेलं आहे, आणि बऱ्याच राज्यांत तसा कायदाच नाही.