जिनिंगचं काम सुटलं, अंगात दुखणं: अर्ज कुठे आणि कोणत्या क्रमानं करायचा

पंचावन्न-साठीत आजारानं शरीर खचलेलं असताना जिनिंग किंवा तेलमिलमधलं काम गेलं, की बहुतेक माणसं थेट तहसीलात निराधारचा फॉर्म भरायला जातात. त्याआधी कारखान्याकडून आपला हक्क मोकळा करून घ्या.

"राजीनामा लिहून द्या, हिशेब लगेच करतो," असं सांगितलं तर सही करू नका. मालकानं कमी केलं असेल आणि वर्षभर सलग सेवा झाली असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार ही भरपाई लागू होते. राजीनामा दिला की ती गेली. ग्रॅच्युइटी (सेवेच्या वर्षांप्रमाणे काम सुटताना मिळणारी रक्कम) मात्र पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर राजीनाम्यानंतरही मिळते, आणि आजारानं अपंगत्व येऊन काम सुटलं असेल तर पाच वर्षांची अटही नाही. फक्त हंगामापुरते कामावर असाल तर प्रत्येक हंगामाला सात दिवसांचा पगार धरतात. हे फार कमी कामगारांना माहीत असतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

पीएफ कापला जात असेल तर पीएफच्या ऑनलाइन खात्यात नोकरी सोडल्याची तारीख चढली का, ते पाहा. ती नसेल तर पुढचा दावा अडकतो. मालक टाकत नसेल तर शेवटच्या कपातीनंतर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतः ऑनलाइन टाकता येते. दहा वर्षं सेवा असेल तर ५८ व्या वर्षी पेन्शन. पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण दर वर्षामागे ४ टक्के कमी. नोकरीत असताना पूर्ण कायमचं अपंगत्व आलं असेल तर दहा वर्षांची अट लागत नाही. अर्ज फॉर्म १०-डी वर.

आता संजय गांधी निराधार अनुदान योजना. नोकरी गेली, एवढ्यावर ही मिळत नाही. वय ६५ च्या आत, महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य, आणि कर्करोग, क्षयरोग, पक्षाघात, सिकलसेल यांसारखा आजार किंवा किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. नुसत्या बीपी-शुगरवर अर्ज टिकत नाही. सर्वसाधारण उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५०. आजच्या काळात ही मर्यादा अन्यायकारक आहे, पण कागद तिच्यातच बसवावा लागतो. म्हणून तलाठ्याकडे चौकशीला जाताना काम सुटल्याचं पत्र सोबत न्या, नाहीतर जुन्या पगारावरच उत्पन्न लिहिलं जाईल.

आजाराचा दाखला सरकारी दवाखान्याचाच हवा, खासगी डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही. सोबत आधार, रेशनकार्ड, वयाचा, रहिवासी व उत्पन्नाचा दाखला आणि पासबुक. अर्ज सेतूत किंवा तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्या आणि पोच घ्या. अनुदान महिन्याला १,५०० रुपये (अपंगांना २,५००), थेट खात्यात येतं. खात्याला आधार जोडलेलं नसेल तर मंजुरीनंतरही पैसे अडकतात. हे काम बँकेत आधीच करून घ्या.

उपचारासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना वेगळी आहे. त्यासाठी योजनेतल्या दवाखान्यात रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला (योजनेच्या मदत-कर्मचाऱ्याला) भेटा.