मास्कद्वारे श्वसनाधार घेणाऱ्या स्थूल रुग्णांचे पोषण

श्वसनाच्या त्रासामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या आणि बायपॅप, सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारी यंत्रे) किंवा नाकावाटे उच्च प्रवाहाच्या ऑक्सिजनवर ठेवलेल्या स्थूल व्यक्तींच्या आहाराचे नियोजन. बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) ३० किंवा त्याहून अधिक असल्यास सर्वसाधारणपणे स्थूलता मानतात. श्वासनलिकेत नळी घातलेल्या रुग्णाला बहुधा जठरात सोडलेल्या नळीवाटे ठरल्या वेळी आहार मिळू लागतो. मास्कवरचा रुग्ण मात्र तोंडाने खाईल असे गृहीत धरले जाते, आणि मास्क काढण्याइतका दम येईपर्यंत जेवण पुढे ढकलले जाते. त्यात शरीर भारी असल्याने दोन-चार दिवसांच्या उपासाने बिघडणार काय, असा समज असतो. तो घातक आहे. गंभीर आजारात शरीर केवळ चरबीवर भागवत नाही. स्नायूही मोडते, आणि त्यात श्वासपटलासह श्वसनाचे स्नायूही येतात. वाढलेल्या चरबीखाली आधीच झिजलेले स्नायू दडलेले असू शकतात. वजनाच्या आकड्यावरून ते कळत नाही.

किती उष्मांक द्यावेत, हे मोजण्याचा उत्तम मार्ग म्हणजे अप्रत्यक्ष उष्मांकमापन, म्हणजे श्वासातील ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड मोजून शरीर किती उष्मांक खर्च करते ते काढणे. पण मास्कच्या कडेने हवा निसटत असेल, तर ते मोजमाप भरवशाचे राहत नाही. मग सूत्रांकडे वळावे लागते. अमेरिकेतील एस्पेन (पोषणोपचार) व एससीसीएम (अतिदक्षता उपचार) या संस्थांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बीएमआय ३० ते ५० असल्यास प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोला ११ ते १४ किलोकॅलरी द्याव्यात. प्रथिने मात्र आदर्श (उंचीनुसार ठरणाऱ्या) वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम, आणि बीएमआय ४० किंवा अधिक असल्यास अडीच ग्रॅमपर्यंत. १६० सेंटीमीटर उंचीच्या, ११० किलो वजनाच्या स्त्रीचे आदर्श वजन सुमारे ५२ किलो धरले, तर तिला दिवसाला १,२०० ते १,५५० किलोकॅलरी आणि १३० ग्रॅमपर्यंत प्रथिने लागतात. युरोपीय सूचना आदर्श वजनात जादा वजनाचा २० ते २५ टक्के भाग मिळवतात आणि त्यावर दर किलोला १.३ ग्रॅम प्रथिने सुचवतात. त्या हिशेबाने तिच्या वाट्याला ८५ ग्रॅमच्या आसपास येतात. इतकी तफावत पाहता सूत्राने केवळ सुरुवात करावी. पुढे मूत्रपिंडाचे काम, रक्तशर्करा आणि रुग्णाची प्रगती पाहून प्रमाण बदलत राहावे.

गरजेपेक्षा जास्त उष्मांकही अपायकारक ठरतात. उष्मांक वाढले की कार्बन डायऑक्साइडचे उत्पादन वाढते. स्थूलताजन्य अल्पश्वसनात, म्हणजे जागेपणीही रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब ४५ मिमी पाऱ्यापेक्षा जास्त असलेल्या रुग्णांत, तो बाहेर टाकण्याची क्षमता मुळातच तोकडी असते. मात्र कर्बोदके कमी व स्निग्धांश जास्त असलेल्या खास मिश्रणांपेक्षा एकूण उष्मांक आटोक्यात ठेवणेच अधिक महत्त्वाचे.

आहार कोणत्या वाटेने द्यावा, हा सर्वांत अवघड प्रश्न. मास्कमधील दाब पाण्याच्या साधारण २० ते २५ सेंटीमीटरवर गेला की हवा जठरात शिरू लागते. पोट फुगते आणि आधीच चरबीने वर ढकललेले श्वासपटल आणखी दबते. उलटी झालीच, तर घट्ट बसवलेल्या मास्कमुळे ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. म्हणून कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगी आलेल्या किंवा लवकरच श्वासनलिकेत नळी घालावी लागेल अशा रुग्णाला तोंडाने भरवू नये. जो शुद्धीवर आहे, खोकून कफ काढू शकतो आणि थोडा वेळ मास्कविना ऑक्सिजन टिकवू शकतो, त्याला बसवून किंवा पाठ उंच करून थोडे थोडे, मऊ, प्रथिनयुक्त अन्न द्यावे. भरवताना ऑक्सिजन व श्वासगतीवर लक्ष ठेवावे. एवढ्याने भागले नाही, तर आधी पूरक पेये आणि मग राईल्स ट्यूब (नाकातून जठरात सोडलेली नळी). ट्यूबमुळे मास्कची कड नीट बसत नाही. बारीक नळी किंवा नळीसाठी खाच असलेला मास्क वापरून गळती कमी करता येते. आतड्यावाटे आहार देणे अशक्य असेल तेव्हाच शिरेवाटे पोषणाचा विचार होतो.

स्टेरॉइड चालू असल्यास रक्तशर्करा वारंवार तपासावी. अनेक दिवस उपाशी राहिलेल्याला अचानक पूर्ण आहार दिला, तर रक्तातील फॉस्फेट झपाट्याने घसरते आणि श्वसनाचे स्नायू अधिकच दुबळे होतात. म्हणून आधी थायमिन (जीवनसत्त्व बी१) द्यावे आणि आहार टप्प्याटप्प्याने वाढवावा. पूर्वी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांत थायमिन, बी१२ आणि लोहाची कमतरता असू शकते, त्यामुळे दाखल करतानाच त्या शस्त्रक्रियेबद्दल विचारणे आवश्यक आहे.