ॲटनबरो (आडनाव)

ॲटनबरो हे इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यातलं, मुख्यतः नॉटिंगहॅमशर आणि त्याला लागून असलेल्या डर्बीशरमधलं एक दुर्मिळ आडनाव. आपल्याकडे ते दोन माणसांमुळे माहीत आहे, एक 'गांधी' सिनेमा काढणारे रिचर्ड आणि दुसरे टीव्हीवर प्राणी-पक्षी दाखवणारे डेव्हिड, आणि हे दोघं सख्खे भाऊ. दोन-दोन एवढी मोठी माणसं म्हटल्यावर वाटतं की तिकडे ॲटनबरो गल्लोगल्ली असतील, पण तसं अजिबात नाही, स्मिथ आणि जोन्सच्या देशात हे आडनाव अगदी मूठभर घरांत आहे आणि त्यातलीही बरीच घरं अजून त्याच दोन-तीन जिल्ह्यांच्या आसपास. उच्चार करताना इंग्रज लोक शेवटचा 'बरो' नीट म्हणत नाहीत, ऐकायला साधारण 'ॲटनबरा' असं येतं. अभ्यासकांना मात्र हे आडनाव वेगळ्याच कारणासाठी आवडतं, ब्रिटनमध्ये आडनाव आणि डीएनए यांचा मेळ घालून जो अभ्यास झाला त्यात ॲटनबरो हे सगळ्यात ठळक उदाहरण निघालं.

गाव आणि आडनाव

नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठावर, बीस्टन आणि चिलवेलच्या शेजारी ॲटनबरो नावाचं गाव आहे, नॉटिंगहॅम–डर्बी रेल्वेलाइनवर त्याचं छोटं स्टेशनही आहे. गावाच्या नावाची फोड साधारण अशी करतात की जुन्या इंग्रजीत 'बुर्ह' म्हणजे तटबंदीची जागा, आणि आधीचा भाग अड्डा किंवा तसल्याच नावाच्या कोणा सॅक्सन माणसाचा, थोडक्यात अड्डाची गढी. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात राजाविरुद्ध लढलेल्या ऑलिव्हर क्रॉमवेलचा जावई आणि राजा पहिला चार्ल्स याच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सही करणाऱ्यांपैकी एक हेन्री आयर्टन हा याच गावचा, १६११ चा जन्म. १ जुलै १९१८ ला शेजारच्या चिलवेलच्या तोफगोळे भरायच्या कारखान्यात स्फोट होऊन १३४ माणसं गेली, त्यातल्या बहुतेकांना ॲटनबरोच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात सामुदायिक कबरींत पुरलं. बाकी गाव तसं साधंच, आणि आता तिथे लोक जातात ते रेती-खडी काढून झालेल्या खड्ड्यांमध्ये जी तळी तयार झाली तिथले पक्षी बघायला.

आता गावावरून आडनाव पडतं कसं हे मराठी माणसाला फार समजावायला नको. नागपुरात राहणाऱ्याला कोणी नागपूरकर म्हणत नाही, तो पुण्याला गेला की मग नागपूरकर. इंग्लंडमध्येही हेच, गाव सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसाला तिथले लोक 'तो ॲटनबरोचा' म्हणायचे आणि मग ते पोरानातवंडांना चिकटायचं. १०६६ ला नॉर्मन आले तेव्हा आधी जमीनदार घराण्यांनी वडिलोपार्जित आडनावं लावायला सुरुवात केली, साध्या लोकांपर्यंत ही पद्धत पोचायला तेरावं-चौदावं शतक उजाडलं, आणि साधारण १४०० पर्यंत इंग्लंडमधल्या बहुतेक घरांना कायमचं आडनाव लागलेलं होतं. १३७७ ते १३८१ च्या दरम्यान तीनदा डोईपट्टी बसवली गेली, त्यातल्या उरलेल्या याद्या म्हणजे आज आडनावं शोधणाऱ्यांसाठी खजिनाच.

पण ॲटनबरोबद्दल अजून एक म्हणणं आहे. मध्ययुगीन इंग्रजीत 'ॲटन बर्ग' असं म्हटलं तर त्याचा सरळ अर्थ 'गढीपाशी' किंवा 'वाड्यापाशी' राहणारा असा होतो, ॲटवुड आणि ॲटवेल ही आडनावं तशीच झाली, एक जंगलापाशी राहणारा आणि दुसरा विहिरीपाशी. हे खरं मानलं तर ॲटनबरो हे आडनाव कुठल्याही गढीच्या शेजारच्या कुठल्याही माणसाला पडू शकतं, म्हणजे एकमेकांशी काही संबंध नसलेल्या चार-पाच घराण्यांचं आडनाव एकच असू शकतं. गावावरून आलं असेल तर मूळ एकाच जागी, गढीवरून आलं असेल तर मुळं अनेक. आडनाव पहिल्यापासून नॉटिंगहॅमशर-डर्बीशरमध्ये इतकं गोळा झालेलं आहे की कागदोपत्री गावाची बाजू जड वाटते, तरी नुसत्या नकाशावरून घराणं एक होतं की चार हे काही कळत नाही.

स्पेलिंगचं म्हणाल तर तो सावळा गोंधळच आहे. १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी ठेवायला लावलं, आणि नोंद करणारा पाद्री कानाला जे ऐकू येईल ते लिहायचा, त्यामुळे ॲटनबरो, ॲटनबॅरो, ॲटनबरा अशी एकाच घरातल्या भावांचीही वेगवेगळी आडनावं दिसतात. म्हणून अभ्यासक हे सगळे प्रकार एकाच खाती धरतात.

डीएनए काय म्हणतो

आडनाव बापाकडून मुलाकडे जातं आणि वाय क्रोमोसोमही बापाकडून मुलाकडेच जातो, त्यामुळे एका आडनावाच्या पुरुषांचे वाय क्रोमोसोम ताडून बघितले तर त्यांचा मूळ पुरुष एक आहे का याचा अंदाज लागतो. कल्पना सोपी आहे पण पहिला नीट प्रयोग ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी २००० साली छापला, आणि तोही स्वतःच्या आडनावावर. साइक्स म्हणजे ओहोळ किंवा पाण्याचा चर, यॉर्कशरच्या माळांवर असले चर जागोजागी आहेत, म्हणून हे आडनाव ठिकठिकाणी स्वतंत्रपणे पडलं असणार असं सगळे धरून चालले होते. पण तपासलेल्या ४८ साइक्स पुरुषांपैकी ४३.८ टक्के जणांचा वाय प्रकार एकच निघाला, म्हणजे निदान त्या सगळ्यांचा पूर्वज एक.

पुढचं मोठं काम लेस्टर विद्यापीठात झालं, टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी. २००६ मध्ये त्यांनी एकाच आडनावाच्या, पण एकमेकांना न ओळखणाऱ्या पुरुषांच्या १५० जोड्या घेतल्या आणि जवळपास पाव जोड्यांचं नातं जुळलं, दुर्मिळ आडनावांत तर हे प्रमाण जवळपास निम्म्यावर गेलं. मग २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावं आणि १,६७८ पुरुष. सरासरी ६२ टक्के पुरुष आपल्या आडनावाच्या एखाद्या वंशगटात, म्हणजे एकाच पूर्वजापासून आलेल्या पुरुषांच्या गटात, बसले, पण आडनावागणिक फरक प्रचंड, शून्यापासून ८७ टक्क्यांपर्यंत. ८७ वाले ते आपले ॲटनबरो. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार प्रत्येक गावात, तेव्हा तसल्या सर्रास आडनावांत काही हाती लागत नाही, आणि आडनाव जितकं दुर्मिळ तितके लोक एकमेकांचे भाऊबंद, असा एकूण हिशोब निघाला.

ॲटनबरोंचा वाय गटही, म्हणजे वाय क्रोमोसोमची जुनी शाखा, ब्रिटनमध्ये फार न सापडणारा आहे, ई१बी१बी१, ज्याला ई-एम३५ पण म्हणतात. हा गट मुळात पूर्व आफ्रिकेकडचा, हजारो वर्षांत उत्तर आफ्रिका, भूमध्य समुद्राचा काठ आणि बाल्कन देशांत पसरलेला. पश्चिम युरोपात सर्रास आढळणारा गट असता तर 'योगायोग असेल' असं म्हणून सोडून देता आलं असतं, पण इतका वेगळा प्रकार एकाच आडनावात इतक्या जणांकडे म्हटल्यावर ते सगळे एकाच पुरुषाचे वंशज हे मान्य करावंच लागतं. यावरून ॲटनबरो लोक 'मूळचे आफ्रिकन' असं कोणी म्हणू लागलं तर ते तितकंसं बरोबर नाही, वाय क्रोमोसोम ही हजारो पूर्वजांपैकी फक्त एका धाग्याची खूण असते. असाच एक प्रकार किंग-जॉबलिंग यांच्याच गटाला यॉर्कशरमध्ये दिसला होता, तिथल्या एका दुर्मिळ आडनावाच्या १८ पुरुषांपैकी सात जणांकडे पश्चिम आफ्रिकेतला ए१ गट सापडला, २००७ साली ते छापून आलं, आणि त्या लोकांना स्वतःला याचा पत्ता नव्हता.

आता इथे एक मेख आहे, आणि बातम्यांमध्ये ती बहुतेक वेळा गळते. ८७ टक्के एका पुरुषाचे वंशज म्हणजे आडनाव सुरुवातीला एकाच माणसाला पडलं, असं सिद्ध होत नाही. आडनावं सुरू होऊन साधारण ७०० वर्षं झाली, म्हणजे वीस-पंचवीस पिढ्या, आणि तेवढ्या काळात कित्येक पुरुषांचा वंश नुसत्या नशिबाने संपतो, कोणाला सगळ्या मुलीच झाल्या, कोणी लग्नच केलं नाही, कोणाची मुलं प्लेगमध्ये गेली. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला होता की मोठमोठ्या सरदारांची आडनावं पटापट नाहीशी का होतात, त्याने १८७३ मध्ये तो कोडं म्हणून मांडला आणि हेन्री वॉटसन या गणिती पाद्र्याने पुढच्या वर्षी उत्तर काढलं, आज संभाव्यतेच्या गणितात गाल्टन-वॉटसन प्रक्रिया म्हणून ते शिकवतात. तर समजा चौदाव्या शतकात ॲटनबरो नावाची पाच घरं होती, त्यातली चार हळूहळू विझली आणि एकाला भरपूर नातवंडं झाली, तरी आजचं चित्र हेच दिसणार. किंग आणि जॉबलिंग यांनी कॉम्प्युटरवर असे वंश चालवून बघितले आणि स्पष्ट लिहिलं की आजच्या चित्रावरून मूळ आडनाववाल्यांबद्दल खात्रीने फारसं सांगता येत नाही. म्हणजे गाव की गढी हा वाद डीएनएने मिटवला असं म्हणता येत नाही, माझं मत तरी गावाच्या बाजूने आहे पण ते नकाशावरून, रक्तावरून नाही.

उरलेल्या १३ टक्क्यांचं काय, तर त्यात दत्तक असतील, आईचं आडनाव लावणारे असतील, बापाचं नाव एक आणि बाप दुसरा अशीही प्रकरणं असतील, किंवा विझत आलेल्या दुसऱ्या घराण्याचे शेवटचे लोक. साइक्सच्या अभ्यासात असला खंड दर पिढीला सरासरी १.३ टक्के धरला होता, ऐकायला किरकोळ पण वीस पिढ्यांत बऱ्यापैकी साचतो. राजघराणीही याला अपवाद नाहीत, लेस्टरच्या कार पार्कखाली २०१२ मध्ये पंधराव्या शतकातला इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा सापडला, त्याची डीएनए तपासणीही टुरी किंग यांनीच केली, आणि कागदोपत्री पुरुषवंशाने नातेवाईक असलेल्या पाच जणांपैकी एकाचाही वाय त्याच्याशी जुळला नाही. ओळख पटली ती आईकडच्या धाग्यावरून.

लेस्टर आणि ॲटनबरो घराणं

हे सगळं लेस्टरलाच व्हावं यात मजा आहे. १९६५ पासून तिथल्या विद्यापीठात इंग्रजी आडनावांचं जिल्हावार सर्वेक्षण चाललं, १९८४ मध्ये ॲलेक जेफ्रीज यांना डीएनए फिंगरप्रिंटिंग तिथेच सापडलं, आणि त्याच संस्थेचे, तेव्हा ती युनिव्हर्सिटी कॉलेज होती, १९३२ ते १९५१ प्राचार्य होते फ्रेडरिक ॲटनबरो. हे १८८७ साली स्टेपलफर्डला जन्मले, म्हणजे ॲटनबरो गावापासून अगदी जवळ, सहा-सातशे वर्षांत आडनाव किती कमी हललं बघा. ते अँग्लो-सॅक्सन काळाचे अभ्यासक, सगळ्यात जुन्या इंग्रज राजांचे कायदे त्यांनी १९२२ मध्ये संपादित केले. त्यांची तीन मुलं, रिचर्ड (१९२३–२०१४), डेव्हिड (जन्म १९२६) आणि मोटारींच्या धंद्यात गेलेले जॉन (१९२८–२०१२). विद्यापीठात १८ मजल्यांचा ॲटनबरो टॉवर आहे तो फ्रेडरिक यांच्या नावाचा, पोरांच्या नाही, बरेच जण इथे चुकतात.

रिचर्ड यांचं महाराष्ट्राशी नातं 'गांधी' (१९८२) मुळे. कस्तुरबांचं काम रोहिणी हट्टंगडींनी केलं, आणि वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ऑस्कर मिळालं, जॉन मोलो यांच्याबरोबर विभागून, भारतातलं ते पहिलं ऑस्कर.

आजचा पसारा

१८८१ ची जनगणना आडनावांचे नकाशे काढायला सगळे वापरतात, त्यात ॲटनबरोंचा दाट ठिपका नॉटिंगहॅमशर-डर्बीशरवर पडतो आणि दुसरा फिकट ठिपका लंडनवर. लंडनवाल्यांची ओळख वेगळीच होती, व्हिक्टोरियन काळात तिथे ॲटनबरो म्हणजे गहाणवटीचे पेढीवाले, फ्लीट स्ट्रीटपर्यंत त्यांची दुकानं. १९१३ चा 'ॲटनबरो विरुद्ध सॉलोमन' हा हाउस ऑफ लॉर्ड्सचा निकाल ट्रस्टचा कायदा शिकणाऱ्यांना अजून वाचावा लागतो, मृत्युपत्रातली चांदीची भांडी एका एक्झिक्युटरने, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणायला नेमलेल्या माणसाने, परस्पर यांच्याकडे गहाण टाकली होती आणि पेढी हरली. ब्रिटनबाहेर हे आडनाव गेलं ते नेहमीच्या वाटांनी, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, अमेरिका, दक्षिण आफ्रिका, आणि सगळीकडे थोडंथोडंच. साऊथ ऑस्ट्रेलियाकडून जेफ ॲटनबरो नावाचा फास्ट बोलर १९७० च्या दशकात खेळायचा.

माणसांपेक्षा आता हे आडनाव दुसरीकडेच जोरात पसरतंय. डेव्हिड यांच्या नावावरून शास्त्रज्ञांनी कितीतरी जीवांची नावं ठेवलीत, जुरासिक काळातला सागरी सरपटणारा ॲटनबरोसॉरस, फिलिपिन्समधली कीटक खाणारी एक घटपर्णी, पापुआतली लांब चोचीची एकिडना, म्हणजे अंडी घालणारा काटेरी सस्तन प्राणी, जी फार वर्षं कोणाला दिसली नव्हती आणि २०२३ मध्ये कॅमेऱ्यात आली. २०१६ मध्ये ब्रिटनच्या नव्या ध्रुवीय जहाजाला लोकांनी ऑनलाइन मतदानात 'बोटी मॅकबोटफेस' नाव दिलं तेव्हा सरकारने ते बाजूला ठेवून डेव्हिड यांचंच नाव लावलं. आणि भारतात या आडनावाचा कायमचा रहिवासी म्हणजे केरळच्या दक्षिण किनाऱ्यावर सापडणारा, गळ्याखाली पंखा फुलवणारा एक छोटा सरडा, २०१८ पासून त्याचं शास्त्रीय नाव सिटाना ॲटनबरोई.