सरकारी जंगलाचे लाकूड आणि मालकीचे लाकूड

कराडहून पाटणकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओंडक्यांनी भरलेली ट्रॉली दिसली की ‘कोयनेचे जंगल तुटते आहे’ असे म्हणणारा एक तरी माणूस भेटतोच. त्याच आठवड्यात दुसरा कोणी तरी सांगतो की, सरकारने जंगल बंद केले म्हणून आमच्या भागातील लाकूडतोड्यांची रोजी बुडाली. दोन्ही विधाने एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण त्यांचा उगम एकाच गैरसमजात आहे. सरकारी वनातून येणारे लाकूड आणि शेतकऱ्याच्या बांधावरून येणारे, म्हणजे व्यापाराच्या भाषेत ‘मालकीचे’ लाकूड, या दोन्हींना आपण एकच माल समजतो. वखारीच्या हिशेबाच्या वह्या मी अनेक वर्षे लिहिल्या आहेत. हा गोंधळ इतक्या वेळा ऐकला आहे की, आता तो एकदा सविस्तर मांडणेच बरे.

मालकीच्या लाकडाविषयी सातारा-सांगलीच्या वाचकाला फारसे सांगण्याची गरज नाही. कृष्णा आणि वारणेच्या ऊसपट्ट्यात बांधावर निलगिरी, सुबाभूळ, बाभूळ, कडुलिंब आणि थोडा साग असतो, तर डोंगराकडील गावांत आंबा, फणस आणि जांभूळ. घरात पैशाची गरज निर्माण झाली की व्यापारी येतो, उभ्या झाडाचा सौदा होतो, विसार दिला जातो आणि टोळी येऊन झाड उतरवते. आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, साग, चिंच या जातींची झाडे 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत असल्यामुळे ती स्वतःच्या शेतात असली तरी तोडण्यापूर्वी परवानगी लागते. निलगिरी आणि सुबाभूळ त्या अनुसूचीत नाहीत. तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा पास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

वरवरचे फरक सगळ्यांना ठाऊक असतात. सरकारी ओंडक्यावर वन विभागाच्या हातोड्याचा शिक्का असतो, त्याची मोजणी घनमीटरमध्ये होते आणि विक्री आगारातील लिलावात होते. मालकीचा माल घनफुटावर, टनावर किंवा सरळ उक्ता विकला जातो. उक्त्या सौद्याला माझा ठाम विरोध आहे. खोडाच्या गोलाईचा चौथा भाग घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि त्याला लांबीने गुणावे. सहा फूट गोलाईचे आणि दहा फूट लांबीचे खोड या हिशेबाने साडेबावीस घनफूट भरते. हे गणित शेतकऱ्याला येत नाही असे गृहीत धरूनच ‘अंदाजाने’ भाव सांगितला जातो आणि पन्नास-साठ वर्षांचा आंबा पडेल त्या किमतीला जातो.

खरी गफलत पुढेच आहे. कोणते लाकूड किती प्रमाणात बाजारात येईल, हे कोण आणि कशाच्या आधारे ठरवतो?

सरकारी वनातील तोड बाजारभावावर ठरत नाही. प्रत्येक वन विभागासाठी कार्य आयोजना तयार केलेली असते, साधारणपणे ती दहा वर्षांसाठी असते, आणि कोणत्या वर्षी कोणत्या कुपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या वनाच्या तुकड्यात, किती व कोणती झाडे काढायची हे तिच्यात आधीच लिहिलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशानंतर तर मंजूर कार्य आयोजनेशिवाय कोणत्याही वनात तोड करता येत नाही. सागाचा भाव दुप्पट झाला म्हणून कूप दुप्पट होत नाही आणि भाव कोसळला म्हणून तो आपोआप थांबतही नाही. वनात उभा असलेला साठा आणि वनातून होणारा पुरवठा यांच्यामध्ये या आयोजनेची भिंत उभी असते. ‘जंगलात एवढे लाकूड कुजते आहे, ते विकले तर गावे श्रीमंत होतील’ असे म्हणणारे लोक साठ्याकडे बोट दाखवतात आणि पुरवठ्याविषयी बोलतात.

आपल्या घाटमाथ्यावर ती भिंत आणखी उंच आहे. कोयना अभयारण्य 1985 मध्ये झाले, चांदोली 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि 2010 मध्ये हे दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार तेथून वनोपज केवळ वन्यजीवांच्या हितासाठीच हलवता येते, व्यापारासाठी नाही; आणि फेब्रुवारी 2000 च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांतील मेलेली, वठलेली आणि वाऱ्याने पडलेली झाडेही उचलण्यास मनाई केली. म्हणजे पावसाळी वादळात कोयनेच्या जंगलात पडलेला जांभूळ तेथेच कुजतो आणि माती होतो. ज्या जंगलातून पडलेले झाडसुद्धा बाहेर येऊ शकत नाही, त्याचे लाकूड ट्रॉलीत भरून दिवसाउजेडी कराडला येते आहे, असे आपण रोज म्हणत असतो.

मालकीच्या लाकडाचे गणित याच्या नेमके उलट आहे. तेथे दहा वर्षांची आयोजना नसते, घराची गरज असते. मुलीचे लग्न, दवाखान्याचे बिल, बोअरवेल आणि सोसायटीचे थकलेले कर्ज यांवर तोड अवलंबून असते, आणि भाव वाढला की गरज नसलेलाही विकतो. त्यामुळे बाजारातील मागणीला प्रतिसाद देणारा पुरवठा हाच आहे. 1988 च्या राष्ट्रीय वन धोरणाने वनाचे पहिले काम पर्यावरणाचा समतोल राखणे हे ठरवले आणि लाकडावर चालणाऱ्या उद्योगांना कच्चा माल शेतकऱ्यांकडून उभा करण्यास सांगितले, तेव्हापासून हा कल अधिकच पक्का झाला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2011 च्या अहवालातील अंदाज पाहा: देशातील वनांतून वर्षाला सुमारे 32 लाख घनमीटर लाकूड निघत होते, तर वनाबाहेरील झाडांतून सुमारे 4 कोटी 28 लाख घनमीटर. म्हणजे वनाबाहेरच्या तेरा ओंडक्यांपाठीमागे वनाचा ओंडका एकच.

आता रोजीचा प्रश्न. पश्चिम अमेरिकेतील ओरेगॉन राज्याचे उदाहरण आपल्याकडे चर्चेत येते, आणि ते चुकीच्या जागी लावले जाते. तेथे संघीय सरकारच्या जंगलांतील तोडीवर अनेक लाकूड गिरण्या आणि गावे खरोखरच उभी होती. 1908 पासून त्या विक्रीचा पाव हिस्सा स्थानिक शाळा आणि रस्त्यांना मिळत असे. 1990 मध्ये त्या जंगलांत राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाला कायद्याचे संरक्षण मिळाले, 1994 मध्ये नवी वन योजना आली, तोड झपाट्याने खाली आली आणि शाळांचा निधी आटला, म्हणून 2000 मध्ये भरपाईचा वेगळा कायदा करावा लागला. आज पाटण, जावळी किंवा शिराळ्यातील टोळ्यांची स्थिती तशी नाही. त्यांचे काम मालकीच्या झाडांवर चालते, आणि त्यांची अडचण काम बंद पडण्याची नसून कामाच्या तुटकपणाची आहे. सरकारी कुपात एका जागी काही महिन्यांचे काम मिळते आणि हजेरी लागते. मालकीच्या झाडावर काम दोन दिवसांचे असते, तिसऱ्या दिवशी दुसरे गाव, हजेरीपट नाही, आणि फांदी अंगावर पडली तर विमाही नाही. ‘जंगल उघडा’ ही मागणी केल्याने या माणसांच्या पदरात काही पडणार नाही. त्यांना हवा आहे तो व्यापाऱ्याने ठेवलेला हजेरीपट आणि अपघाताचा विमा, आणि ती मागणी मात्र कोणीच करत नाही.

बांधावरचे लाकूड सगळीकडे चालत नाही, हेही मान्य केले पाहिजे. सेंट्रिंगच्या बल्ल्या निलगिरीच्या होतात, तंबोरा होत नाही. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांचे भोपळे मंगळवेढ्याच्या भागातून येतात आणि लाकूड कर्नाटकातून. अशा कारागिरासाठी दुसऱ्या राज्यातील वनाचे धोरणसुद्धा थेट पोटाचा विषय असतो.

एक जागा अशी आहे जेथे हे दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळतात, आणि तेथे प्रामाणिक शेतकरीही फसतो. 30 ऑगस्ट 1975 पासून खाजगी वने संपादन कायद्याने राज्यातील खाजगी वने शासनाकडे गेली. डोंगरी तालुक्यांत वहिवाट घराण्याची, सातबाऱ्यावर नाव आजोबांचे, आणि इतर हक्काच्या रकान्यात मात्र वनाची नोंद, असे उतारे मी स्वतः पाहिले आहेत. शिवाय 1996 च्या त्याच आदेशाने वनाचा अर्थ शब्दकोशातील घ्यायचा असे सांगितले, मालकी कोणाचीही असो. अशा जमिनीवरील झाड लोकांच्या बोलण्यात मालकीचे असते, कायद्याच्या दृष्टीने वनाचे. तोडले तर तो वनगुन्हा होतो आणि माल जप्त होतो. म्हणून व्यापारी दारात आला की आधी सातबाऱ्याचा इतर हक्काचा रकाना वाचावा, शंका असल्यास फेरफार काढून वन परिक्षेत्र कार्यालयात दाखवावा, नंतर खोडाला टेप लावावी, आणि विसाराचे पैसे त्यानंतरच हातात घ्यावेत.