घड्याळात पाणी शिरतं कुठून?

पाठीवर '200 मीटर' कोरलेलं घड्याळ, आणि पाणी शिरलं ते बेसिनवर हात धुताना! मालकाला हे पटत नाही. घड्याळजीला मात्र यात नवल वाटत नाही.

सेको या जपानी कंपनीचं 1996 मध्ये आलेलं एसकेएक्स 007 घ्या. समुद्रात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांसाठीचं हे यांत्रिक घड्याळ घड्याळवेड्यांचं भलतंच लाडकं. समुद्रात दर 10 मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे 200 मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 20 किलो. तीन सेंटिमीटर व्यासाच्या काचेवर हा भार 140 किलोंच्या घरात जातो, म्हणजे दोन धडधाकट माणसं काचेवर उभी! जाड काच आणि पोलाद तो मुकाट्याने सोसतात. पाणी अडवायचं काम असतं रबराच्या बारीक कड्यांकडे: एक मागच्या झाकणाखाली, एक चावीपाशी, एक काचेच्या कडेला.

नवी कडी खाचेत दाबली की उलट रेटा देते आणि फट बुजवते. खोल पाण्यात तर दाबच तिला फटीत आणखी घट्ट बसवतो. पण घाम, उष्णता आणि वय यांनी रबर चपटं होतं, त्याचा उलट रेटा संपतो. मग उथळ पाण्यात, जिथे बाहेरून दाबायला फारसं कोणी नाही, तिथेच कडी दगा देते. त्यात गरम पाण्याच्या आंघोळीनंतर घड्याळ एकदम गार झालं की आतली हवा आकसते आणि बाहेरचा ओलावा आत ओढून घेते.

म्हणून दुरुस्तीत कड्या नव्या घालायच्या, त्यांना सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात द्यायचा. जास्त चोपडलं तर धूळ चिकटते. चावीचे आटे झिजले असतील तर चावीच बदललेली बरी.

यंत्राची कहाणी वेगळी. ते सेकंदाला 6 ठोके देतं, दिवसाला 5,18,400. तेल सुकलं की घर्षण वाढतं आणि बॅलन्स चक्राचा, म्हणजे मागेपुढे झुलत ठेका धरणाऱ्या चाकाचा, झोका आखडतो. सगळं सुटं करून, धुऊन, सावकाश फिरणाऱ्या भागांना दाट आणि भराभर हलणाऱ्यांना पातळ तेल द्यायचं, तेही सुईच्या टोकावर मावेल इतकंच. खारं पाणी आत गेलं असेल तर मात्र थांबायला वेळ नसतो. तांदळाच्या डब्यात घड्याळ पुरून ठेवणारे पुष्कळ भेटतात. तांदूळ मीठ शोषत नाही, आणि पोलादी भागांवर गंज तर लगेच धरू लागतो. त्याच दिवशी उघडून घ्यावं.

मला सगळ्यात आवडते ती शेवटची परीक्षा. काचेच्या बंद नळकांड्यात तळाला पाणी, वर हवेत टांगलेलं घड्याळ. हातपंपाने हवेचा दाब वाढवायचा आणि काही मिनिटं थांबायचं. कुठे फट असेल तर दाबाची हवा गुपचूप आत शिरते. मग घड्याळ पाण्यात सोडायचं आणि दाब हळूहळू उतरवायचा. आत कोंडलेली हवा आता बाहेर पडू बघते आणि नेमक्या त्या फटीतून बुडबुड्यांची माळ निघते. चावीपाशी निघाली तर चावी दोषी, झाकणापाशी निघाली तर झाकण. माळ दिसताच दाब पूर्ण उतरण्याआधी घड्याळ पाण्याबाहेर काढायचं, नाहीतर परीक्षाच त्याला बुडवायची! हातपंपाचं यंत्र साधारण 6 बारपर्यंतच (एक बार म्हणजे जवळपास एका वातावरणाचा दाब) जातं, 200 मीटरची हमी त्यातून मिळत नाही. पण थकलेली कडी तेवढ्यातही पकडली जाते.

पाणबुड्यांच्या घड्याळांसाठीच्या आयएसओ 6425 या आंतरराष्ट्रीय मानकात आणखी एक साधी युक्ती आहे. घड्याळ 40 ते 45 अंशांपर्यंत तापवायचं, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने पुसायचा. काचेच्या आतून धुकं दिसलं, की झाकण पुन्हा उघडायचं.